मापाची खुर्ची

सुताराच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. धाकट्या चुलतभावाला सेरेब्रल पाल्सी; मान-पाठ सावरत नाही. शिबिरात मिळालेल्या मोठ्या खुर्चीतून तो घसरे. अखेर आबांनी दोरीने त्याचेच माप घेतले. बैठक गुडघ्यामागे दोन बोटे आखूड, पाय टेकायला फळी, मांड्यांमध्ये ठोकळा, कमरेला पट्टा, पुढे ताटापुरता पाट. आडवे भरवताना त्याला ठसका लागायचा; आता तो समोर बघत जेवतो.

दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा. पण खुर्ची मुलाच्या मापाची आहे का, हे कोण पाहणार? माझे स्पष्ट मत असे, की हे काम गावच्या सुताराला शिकवावे, आणि मजुरीही द्यावी. (आबांनी ती मागितली नाही, ही वेगळी गोष्ट.) मूल वाढते, फळी एक भोक खाली घ्यायला शिबिरवाले परत येत नाहीत.