चित्रें विकावीं कीं पेन्शन कापावें?

घरावर कर्ज झालें आणि सावकार ओटीवर येऊन बसला, म्हणजे प्रथम भांडीं जातात, मग दागिने जातात. परंतु देवघरांतील चांदीच्या मूर्तींवर हात टाकण्याची वेळ आली कीं वडील माणसें थबकतात. हाच प्रसंग एका संबंध शहरावर आला तर काय होतें, हें अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरानें २०१३ सालीं अनुभविलें.

मोटारींच्या कारखान्यांवर वैभवास चढलेलें हें शहर. १९५० सालीं अठरा लाखांवर असलेली वस्ती कारखाने ओसरल्यावर सात लाखांच्या आसपास आली, आणि १८ जुलै २०१३ रोजीं सुमारें १८ अब्ज डॉलरांच्या देण्यापायीं शहरानें नादारीचा अर्ज केला. तेथील कलासंग्रहालय १८८५ मध्यें स्थापन झालेलें; पण १९१९ पासून तें नगरपालिकेच्या मालकीचें होतें. आगीचे बंब आणि ब्रूगेलचें लग्नांतील नाचाचें चित्र यांचा कागदोपत्रीं मालक एकच! धनकोंची नजर तिकडे वळली यांत नवल नाहीं. शहराच्या पैशांतून घेतलेल्या वस्तूंचीच किंमत क्रिस्टी या लिलावाच्या पेढीनें ४५ ते ८७ कोटी डॉलर ठरविली. १९२२ सालीं घेतलेलें व्हॅन गॉगचें आत्मचित्रहि त्यांतच आलें.

एका वस्तूचा मात्र लिलाव करणें सोपें नव्हतें. मेक्सिकोचा चित्रकार दिएगो रिव्हेरा यानें १९३२-३३ मध्यें चौकाच्या चारी भिंतींवर फोर्डच्या कारखान्यांतील मजूर रंगविले, ते ओल्या गिलाव्यांतच मुरलेले आहेत. हीं चित्रें उघडीं झालीं तेव्हां तीं धर्मबाह्य म्हणून चुन्यानें पुसून टाकावीं अशी ओरड झाली होती. परंतु पैसे देणारा एड्सेल फोर्ड बधला नाहीं. कारखानदाराच्या पैशानें मजूर भिंतीवर चढले आणि राहिले, ही गंमत आम्हांस फार आवडते.

पण कलेच्या कैवारांत आम्ही वाहवूं इच्छीत नाहीं. ज्यानें उभें आयुष्य रस्ते झाडले किंवा पाण्याचे नळ दुरुस्त केले, त्यानें “चित्रें विका आणि माझें पेन्शन द्या” असें म्हटलें, तर त्यास अरसिक कोण म्हणेल? त्याचें तें भिक्षापात्र नव्हे. ती त्याची ठेव. अशा वेळीं संस्कृतीवर व्याख्यान देणारास त्याच्या घरचा किराणा विचारावा.

तडजोड निघाली ती या दोन्ही बाजू एकत्र बांधून. न्यायाधीश रोझेन यांच्या मध्यस्थीनें धर्मादाय निधींनीं ३६ कोटींहून अधिक, राज्य सरकारनें १९ कोटी ५० लाख आणि संग्रहालयानें स्वतः १० कोटी डॉलर देण्याचें कबूल केलें. पैसे जावयाचे पेन्शनच्या निधींत. मोबदल्यांत संग्रह नगरपालिकेच्या हातून निघून लोकहितार्थ चालणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे गेला. नोव्हेंबर २०१४ मध्यें कोर्टाची मंजुरी मिळाली. चित्र एकहि उतरलें नाहीं. सामान्य खात्यांतील निवृत्त नोकरांचें पेन्शन मात्र शेंकडा साडेचारनें उतरलें, आणि महागाईप्रमाणें होणारी वाढहि गेली. पेन्शनरांनीं बहुमतानें हें मान्य केलें. कोर्टांत याहून वाईट निघण्याची भीति त्यांस होती, हें विसरून या तडजोडीचे गोडवे गाऊं नयेत.

या सर्वांच्या आधीं, ऑगस्ट २०१२ मध्यें, एक लहानशी गोष्ट घडली होती. आसपासच्या तीन जिल्ह्यांतील लोकांनीं संग्रहालयासाठीं स्वतःवर कर बसविला : करपात्र किंमतीच्या दर हजार डॉलरांमागें वीस सेंट. मार्च २०२० मध्यें त्यांनीं तो पुन्हां मंजूर केला. मोटारींच्या धंद्यानिमित्त तेथें घरें केलेलीं मराठी कुटुंबेंहि हा कर भरतात. आमच्या वाचकांपैकीं कोणी मुलानातवंडांकडे तिकडे गेल्यास रिव्हेराचा चौक अवश्य पाहावा. यजमानांस प्रवेश मोफत आहे; पाहुण्यांस तिकीट पडतें.