तपासनिसाचीही तपासणी हवी

गेल्या वर्षीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मला पूर्ण गुण मिळाले. त्यांवर माझा हक्क नव्हता, हे आज कबूल करतो.

प्रोग्रॅम साधा होता. एकाच आकड्यात दोन थ्रेडनी प्रत्येकी एक लाख वेळा एकेक मिळवायचा. शेवटी दोन लाख यायला हवेत. आमचे उत्तर दर वेळी निराळे आणि दर वेळी कमी. चूक कुठे होते ते दिसावे म्हणून प्रत्येक फेरीला एक ओळ छापायला लावली आणि काय आश्चर्य! पडद्यावरून ओळींचा लोंढा वाहून गेला आणि शेवटी नेमके दोन लाख आले. "आलं की बरोबर! आता हात लावू नकोस," माझा जोडीदार म्हणाला. (याच अंकाच्या कन्नड विभागात त्याची कविता आहे.) मी हात लावला नाही. परीक्षकांनी शेवटची ओळ पाहिली आणि जर्नलवर सही केली.

वस्तुतः चूक तिथेच होती. पतपेढीतील दोन कारकून एकाच खात्यावर काम करीत आहेत असे समजा. दोघांनीही शिल्लक १००० वाचली, दोघांनीही आपापले ५०० मिळवले, दोघांनीही १५०० लिहिले. एकाचे ५०० रुपये गेले कुठे? यालाच रेस कंडिशन म्हणतात. छापण्याच्या कामाला वेळ लागतो. त्यामुळे आमच्या दोन कारकुनांची गाठ पडणे दुर्मिळ झाले, एवढेच. रोग बरा झाला नव्हता, लपला होता.

हे विद्यार्थ्यांचेच दुखणे आहे असे नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या लिनक्सच्या कर्नलमध्ये संदेश छापण्याची जी सोय आहे तिला 'प्रिंटके' म्हणतात. कर्नलमध्ये कुठे काय बिघडले ते कळण्याचे हे सर्वांत जुने साधन. अनेक प्रोसेसर एकाच वेळी लिहू लागले की संदेशांची सरमिसळ होईल, म्हणून तिथे लॉक होते. पण लॉक हाती असतानाच त्याच प्रोसेसरवर, अडवता न येणारा इंटरप्ट आला आणि त्यानेही काही छापायचे म्हटले तर? ज्याच्याजवळ किल्ली आहे तो थांबलेला, आणि जो जागा आहे तो किल्लीची वाट पाहत उभा! बिघाड सांगणारेच यंत्र बंद पाडणार.

यावर आणखी मोठे लॉक हा उपाय नव्हे. तो रोगच आहे. डिसेंबर २०२० च्या ५.१० आवृत्तीत लॉकविना चालणारी नवी रचना आली. टोकन घेऊन आपापला अर्ज भरावा तशी ती आहे. प्रत्येक लिहिणारा आधी आपली जागा राखतो, तीत मजकूर भरतो आणि मग 'पूर्ण' अशी खूण करतो. वाचणारा पूर्ण झालेलेच वाचतो. तरीही मंद कन्सोलवर ओळी उमटेपर्यंत प्रोसेसर खोळंबत असे. ठरल्या वेळेत हमखास काम करणारे लिनक्स सुमारे वीस वर्षे मुख्य शाखेबाहेर राहिले, त्यातला शेवटचा मोठा अडथळा हे प्रिंटकेच होते. तो दूर झाल्यावर नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ आवृत्तीत त्याला प्रवेश मिळाला.

माझे म्हणणे एवढेच, की तपासणारा कोड 'तात्पुरता' म्हणून दुय्यम मानू नये. पाहणारा दूर उभा असतो हा भ्रम आहे. तो त्याच गर्दीत धक्के देत-घेत उभा असतो. म्हणून त्याच्यावर इतरांपेक्षा कडक नियम हवेत. एखादी ओळ हरवली तरी चालेल, पण त्याच्यामुळे इतर कोणी अडता कामा नये.

मग आमच्या जर्नलमध्ये 'आउटपुट तपासले' एवढ्याच शेऱ्यावर सही का व्हावी? तुकडी मोठी, वेळ थोडा, ही प्राध्यापकांची अडचण मला मान्य आहे. पण तोंडी परीक्षेत एक प्रश्न पुरे: "हा प्रोग्रॅम कोणत्या क्रमाने चालला तर चुकेल?" त्याचे उत्तर एकदा चालवून मिळत नाही, कागदावर दोन रांगा मांडून विचार करावा लागतो. तो प्रश्न मला विचारला असता तर मी नापास झालो असतो आणि त्याच दिवशी शिकलो असतो.

परीक्षेनंतर ती छापण्याची ओळ काढून टाकली आणि आकड्याभोवती योग्य जागी लॉक घातले. दोन लाख आले. मात्र या खेपेस ते का आले, हे मला सांगता येते. जर्नलमधले ते पान अजून तसेच आहे, सहीसकट. पुढच्या वर्गातील मित्रांनी त्यावरून उतरवून घेऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.