धिरडी, रंग आणि रिकामा पाट

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीनंतरची सकाळ कोणाला आवडत नाही? अंगाला उटण्याचा वास असतो, दारातली पणती विझायच्या बेतात असते आणि आत पाट मांडलेले असतात. साताऱ्याच्या आमच्या घरी त्या सकाळी फराळाबरोबर गरम धिरडे लागतेच. सात माणसे, सात पाट. पण त्यांतला एक पाट शेवटपर्यंत रिकामाच असतो. तो आईचा. तिच्याआधी तो आजीचा होता. धिरडे तव्यावरून थेट पानात पडले पाहिजे, असा आमच्याकडे दंडक. मग ते घालणारीने बसायचे केव्हा? सगळे हात धुऊन उठले, की आई तळाशी उरलेल्या पिठाचे एक जाडसर धिरडे घालते आणि ओट्याशीच उभ्याने खाते.

गेल्या दिवाळीत दादाने एअर फ्रायर आणला. म्हणाला, "आई, आता तेलही नको आणि शेगडीपुढं उभं राहणंही नको." धाकटीने त्यात भर घातली, की धिरडी रंगीत करायची: पिवळी, लाल आणि हिरवी.

या यंत्राचे नाव तसे फसवेच. त्यात तळले काहीच जात नाही. वर तापणारी तार, तिच्याजवळ पंखा आणि खाली भोकाभोकांची टोपली. तापलेली हवा पदार्थाभोवती वेगाने फिरते, एवढेच. फिलिप्स कंपनीने २०१० साली बर्लिनच्या प्रदर्शनात ते मांडले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बटाट्याच्या कापा असाव्यात. धिरडे खचित नव्हते. पातळ पीठ टोपलीतून गळणार, म्हणून आम्ही आधी कागद घातला. तो वाऱ्याने उडून तारेला चिकटला. मग तेलाचा हात लावलेली स्टीलची ताटली ठेवली. पंख्याच्या झोताने पिठावर वळ्या उठल्या आणि त्या तशाच भाजून निघाल्या. जाळी मात्र पडली नाही. तव्यावर आच खालून लागते, वाफ पिठातून वर येऊन फुटते आणि तिथे भोक राहते. इथे आच वरून! वरची साय आधी धरते आणि वाफ आतच कोंडते.

रंगांचीही गंमत झाली. आईचे माहेर सांगलीचे. माहुलीवरून वाहणारी कृष्णा पुढे सांगलीला जाते. आमच्याकडे हळद मात्र उलटी, सांगलीहून साताऱ्याला चढते. त्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण धाकटीने तिच्यावर खायचा सोडा टाकला आणि पिवळे पीठ पाहता पाहता तांबूस झाले. आजी हसून म्हणाली, "अगं, हळदीचं कुंकू असंच करतात!" क्षार लागला की हळद लाल होते, हे आम्ही शाळेत प्रयोगवहीत लिहिले होते, आजीला ते वहीशिवाय ठाऊक होते. बिटाचा लाल रंग आचेने विटकरी झाला. पालकाच्या पिठात ताक होते, त्या आंबटपणाने हिरवा रंग शेवाळी पडला. सोड्याशिवाय केलेले हळदीचे धिरडे तेवढे शेवटपर्यंत पिवळे राहिले.

आता हिशेब पाहू. माणशी दोन, म्हणजे चौदा धिरडी. तव्यावर एकाला तीन मिनिटे धरली तर बेचाळीस मिनिटे लागतात. यंत्रात एका वेळी एक, दहा मिनिटांचे. म्हणजे दोन तास वीस मिनिटे! आणि आई? ती पाटावर बसली खरी, पण अर्ध्या मांडीवर. यंत्राची घंटा वाजली की तीच उठे. आम्ही सहा जण त्या घंटेकडे, आगगाडी दुसऱ्याच फलाटावर आली असावी, अशा चेहऱ्याने पाहत होतो.

माझे म्हणणे एवढेच, की दोष यंत्राचा नव्हे. यंत्राने परंपरा बुडते, ही ओरड मला मान्य नाही. पाट्या-वरवंट्यापेक्षा मिक्सर बरा, हे ज्याने कधी वाटण वाटले आहे त्याला सांगावे लागत नाही. पण मिक्सर आला तरी त्याचे बटण आईच दाबत राहिली. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७० साली आले. वाटी-चमच्याचे प्रमाण देऊन त्यांनी 'अंदाजाने' या शब्दाआड दडलेली विद्या कागदावर आणली. प्रमाण छापले गेले, की करणारा कोणीही असू शकतो, मुलगाही. आमच्या घरी ते पुस्तक आहे. ते आईखेरीज कोणी उघडल्याचे मला आठवत नाही. स्त्रीमुक्तीवर वक्तृत्व स्पर्धेत बोलून मी बक्षीस आणले आहे, हे इथे कबूल केलेले बरे.

पाडव्याला आम्ही यंत्र कपाटात ठेवले आणि तवा काढला. ठरले असे, की प्रत्येकाने पाळीपाळीने उठून दोन धिरडी घालायची. बाबांचे पहिले करपले. माझे तव्याला धरून बसले, ते उलथन्याने खरवडून काढावे लागले. दादाचे नकाशासारखे वाकडेतिकडे, पण जाळीदार निघाले आणि ते गरम गरम आईच्या पानात पडले. ती पूर्ण मांडी घालून बसली होती. तिने एक घास घेतला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मग ते सगळे खाल्ले आणि दुसरे मागितले.

मित्रहो, एअर फ्रायर घ्यावा की न घ्यावा, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न आहे. आमच्याकडे तो आता शेंगदाणे भाजायला छान चालतो. पण येत्या दिवाळीत फराळाला बसण्यापूर्वी एकदा पाट मोजा, मग माणसे मोजा. एक पाट रिकामा दिसला, तर नवे यंत्र शोधायला बाजारात जाऊ नका. उठा आणि उलथने हातात घ्या. पहिले धिरडे मोडेल, मोडू द्या. चौदावे मोडत नाही.

(द्वितीय वर्ष कला)