मेकॅनिकल की-बोर्ड : औषध नव्हे, सोय

लॅपटॉपवर काम करणाऱ्याचे मनगट दुखू लागले, की हल्ली एक सल्ला हमखास मिळतो : मेकॅनिकल की-बोर्ड जोडा. सल्ला वाईट नाही. पण त्याचे कारण बहुधा चुकीचे सांगितले जाते.

लॅपटॉपचे बटण जेमतेम एक-दीड मिलिमीटर दबते आणि बोट तळावर आदळते. मेकॅनिकल की-बोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्प्रिंगचा स्वतंत्र स्विच असतो. ‘चेरी एमएक्स रेड’ हा स्विच ४ मिलिमीटर दबतो, पण अक्षर २ मिलिमीटरवरच उमटते. तळ गाठावा लागत नाही, त्यामुळे टायपिंग सुखाचे होते. मात्र हात हलका नसेल, तर बोटे इथेही आदळतातच.

खरा फायदा वेगळाच आहे. लॅपटॉपचा पडदा आणि की-बोर्ड एकमेकांना जखडलेले असतात. हात नीट ठेवले तर मान झुकते. पडदा उंचावला तर खांदे चढतात. वेगळा की-बोर्ड हा पेच सोडवतो आणि ते काम साधा, स्वस्त की-बोर्डही करतो. उलट, मेकॅनिकल की-बोर्ड बहुधा उंच असल्याने मनगट वर वाकण्याची भीती असते.

म्हणून आधी लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवा, की-बोर्डचे मागचे पाय मिटा, अधूनमधून उठा. स्विच नंतर आवडीने निवडा; फक्त ‘ब्लू’ स्विचची टकटक घरच्यांनाही ऐकावी लागेल, हे लक्षात असू द्या. आणि बोटांना मुंग्या येणे, बधिरपणा थांबत नसेल, तर दुकानात नव्हे, डॉक्टरांकडे जा.