पुल्लिंगात स्त्री येते काय?

एखादी स्त्री बँकेत वा कचेरीत छापील अर्ज भरावयास बसली म्हणजे अखेरीस तिला पुष्कळदा एक ठरावीक वाक्य आढळते : ‘मी असे जाहीर करतो की, वरील माहिती सत्य आहे.’ सत्याची ग्वाही देण्यासाठी तिने एक तर व्याकरणापुरते पुरुष व्हावे, किंवा ‘करतो’वर काट मारून ‘करते’ लिहावे. ही बाब क्षुल्लक आहे असे पुष्कळांस वाटेल. आम्हांस ती तशी वाटत नाही.

पुल्लिंगी शब्दात स्त्रीचा समावेश गृहीतच असतो, मग ही उठाठेव कशाला, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या १३ व्या कलमातही हेच तत्त्व ग्रथित आहे. पण हे तत्त्व कसोटीस लागले तेव्हा काय घडले? १८६० च्या दंडसंहितेने ‘तो’ या सर्वनामात स्त्री व पुरुष दोघांनाही धरले होते. शिक्षेच्या वेळी स्त्री पुल्लिंगात निमूटपणे सामावत होती. मात्र १९१६ साली रेजिना गुहा यांनी वकिलीच्या सनदेसाठी अर्ज केला, तेव्हा कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत स्त्री येत नाही, असा निर्वाळा कलकत्ता उच्च न्यायालयाने दिला. १९२१ साली पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांच्या बाबतीत त्याचीच री ओढली. स्त्रियांस केवळ स्त्री म्हणून वकिलीस मज्जाव नाही, असे स्पष्ट शब्दांत सांगण्यासाठी १९२३ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. दंड सोसताना जी ‘तो’मध्ये आहे, ती सनद मागताना ‘तो’मध्ये नाही! गृहीत धरलेला समावेश किती तकलादू असतो, याचा याहून सबळ पुरावा कोणता?

मराठीत क्रियापदही लिंग मिरवते, ही अडचण खरी आहे. तथापि आपली भाषा वाटते तितकी दरिद्री नाही. ‘उमेदवाराने वेळेवर हजर राहावे’, ‘अर्जदारांनी स्वाक्षरी करावी’, ‘त्यांना कळवावे’ या वाक्यांत अर्जदार स्त्री की पुरुष याचा मागमूसही नाही. वरील ग्वाहीदेखील ‘मी दिलेली माहिती सत्य आहे’ एवढ्या शब्दांत भागते. त्यासाठी ना नवा शब्द घडवावा लागतो, ना व्याकरणाची मोडतोड करावी लागते.

जुने शब्द सरसकट हद्दपार करावेत, असे आमचे म्हणणे नाही. २००७ साली प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या, तेव्हा त्या शब्दातील ‘पती’वर बराच खल झाला. शब्द टिकला, त्याचा अर्थ मात्र रुंदावला. उलट, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाने २०२५ साली हिंदीतील ‘कुलपति’ टाकून ‘कुलगुरु’ स्वीकारला. मराठीत तर त्या पदास ‘कुलगुरू’ म्हणण्याचा प्रघात जुनाच आहे. ‘लेखिका’, ‘कवयित्री’, ‘अध्यक्षा’ हे शब्दही कोणी सोडू नयेत. व्यक्ती समोर असेल तेव्हा तिला तिच्या रूपाने अवश्य ओळखावे; पण पद रिक्त असता त्यावर आधीच पुरुषाला बसवू नये, एवढाच आमचा आग्रह आहे.

दैनंदिन व्यवहारातही हाच विवेक हवा. पुरुषाच्या नावामागील ‘श्री.’ लग्नाने बदलत नाही. स्त्रीला मात्र ‘कुमारी’, ‘सौ.’ की ‘श्रीमती’ असे विचारले जाते. नोकरीच्या अर्जाशी कुंकवाचा संबंध काय? सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत स्त्रियांविषयीचे साचेबंद शब्द टाळून कोणते वापरावेत, हे न्यायाधीशांना सुचविले आहे. न्यायपीठाने जे आरंभिले, ते कचेऱ्यांना, शाळांना आणि बँकांना जड जाऊ नये. आम्हां वृत्तपत्रकारांनीही स्वतःचे अंगण झाडून घेतले पाहिजे. ‘महिला डॉक्टर’ असे लिहिणारी आमची लेखणी ‘पुरुष डॉक्टर’ असे सहसा लिहीत नाही.

शब्द बदलले म्हणजे समाज आपोआप बदलतो, असा आमचा भाबडा समज नाही. परंतु १९१६ साली एका स्त्रीची सनद अडली ती शब्दाच्याच उंबरठ्यावर. तो उंबरठा काढून टाकण्यास आज कायद्याची नव्हे, फक्त थोड्या काळजीची गरज आहे. कचेऱ्यांनी पुढचा अर्ज छापखान्यात धाडण्यापूर्वी तो एकदा स्त्रीच्या नजरेने वाचून पाहावा.