चाकांवरचं घर आणि दोन मैलांवरचं दूध : मोटरहोमवाल्यांना दुकानाजवळच जागा का हवी असते?

मोटरहोम म्हणजे इंजिनासकट घर. बेड, शेगडी, फ्रिज, संडास सगळं गाडीतच. रील्समध्ये भारी दिसतं. पण संध्याकाळी दूध संपलं की खरी अडचण कळते.

कारमागे ओढायचा कॅराव्हॅन असेल, तर तो कॅम्पसाइटवर सोडायचा आणि कार घेऊन दुकानात जायचं. मोटरहोमला ही सोय नाही. विजेची वायर काढा, खुर्च्या आत घ्या, भांडी कपाटात बंद करा आणि सहा-सात मीटरचं धूड बाहेर काढा. एवढं करून गावात पोचलात की पार्किंगच्या तोंडाशी उंची अडवणारा आडवा बार, दोन मीटरच्या आसपास. ब्रिटनमध्ये किनाऱ्यावरच्या कित्येक पार्किंगना तो असतो. म्हणून मुरलेले मोटरहोमवाले आधी एकच बघतात, दुकान चालत गाठता येतं का?

मग ब्रिटनमध्ये अशा जागा सहज का मिळत नाहीत? एक कारण 1960 च्या कायद्यात आहे. कॅराव्हॅन साइट चालवायला कौन्सिलचं लायसन्स लागतं. मान्यताप्राप्त क्लबांच्या छोट्या जागांना त्यातून सूट आहे, पण तिथे एका वेळी पाचच गाड्या आणि त्याही सभासदांच्या. अशा जागा बहुतेक शेतांवर असतात. शांतता मिळते, मेंढ्या दिसतात, दुकान मात्र दोन-तीन मैलांवर. गावालगतच्या जमिनीवर घरं बांधणं जास्त परवडतं, तिथे कॅम्पसाइट कोण काढणार?

फ्रान्समध्ये उलटं आहे. तिथे नगरपालिकाच गावाजवळ, मैदानाशेजारी किंवा बाजारापाशी जागा देते. त्याला ‘एर’ म्हणतात. पाणी भरायची, संडासाची टाकी रिकामी करायची सोय असते, भाडं थोडके युरो, काही ठिकाणी फुकट. हिशोब सरळ आहे, रात्री थांबलेला माणूस सकाळी पाव गावातल्याच बेकरीतून घेणार. जर्मनीत अशाच जागेला ‘श्टेलप्लाट्झ’ म्हणतात. शिवाय तिथे बंदी नसेल अशा पार्किंगमध्ये थकवा घालवायला एक रात्र झोपता येतं. फक्त खुर्ची-टेबल बाहेर मांडलं की तो कॅम्पिंगचा मामला होतो.

खरा वाद पेटलाय स्कॉटलंडमध्ये. 2015 मध्ये ‘नॉर्थ कोस्ट 500’ या पाचशे मैलांहून लांब रस्त्याची जाहिरात सुरू झाली आणि अरुंद रस्त्यांवर मोटरहोमची रांग लागली. 2003 च्या कायद्याने तिथे मोकळ्या जमिनीवर फिरायचा हक्क आहे, पण तो चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला, मोटारीला नाही. हे अनेक पर्यटकांच्या गावीही नसतं. 2024 मध्ये हायलँड कौन्सिलने ऐच्छिक योजना काढली, सात दिवसांचे 40 पौंड. खासगी कॅम्पसाइटवाले चिडले, कारण लायसन्सचा खर्च ते करतात आणि स्पर्धेला कौन्सिलच उभं!

आमच्या मते पैशांपेक्षा जागेचा प्रश्न मोठा आहे. गावापासून लांब थांबणारा पर्यटक शहरातल्या सुपरमार्केटमधूनच फ्रिज भरून येतो. गावाच्या वाट्याला ट्रॅफिक आणि कचरा उरतो, मग गावकरी तक्रार करतात, मग अजून एक आडवा बार लागतो.

तुम्ही सुट्टीत जाणार असाल, तर भारतीय लायसन्सवर ब्रिटनमध्ये 12 महिने 3,500 किलोपर्यंतची गाडी चालवता येते. बुकिंग करताना ‘दुकान एक मैलावर’ यावर जाऊ नका, ते अंतर सरळ रेषेतलं असू शकतं. मध्ये नदी किंवा रेल्वे असली की संपलं. मॅपवर चालण्याचा रस्ता लावा, स्ट्रीट व्ह्यूमध्ये फुटपाथ आहे का बघा. बिनफुटपाथच्या हायवेवरून पोरांना घेऊन अर्धा मैलही जाववत नाही. आणि वार बघा. इंग्लंडमध्ये रविवारी मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी असतात आणि जर्मनीत बहुतेक बंदच. स्टेशनवरचं किंवा पेट्रोल पंपावरचं दुकान तेवढं मिळेल, तेही महाग.