नातीची अंगठी आणि विहिरीतली गारगोटी

मंडळी, परवा पुण्याहून सूनबाईचा फोन आला. "बाबा, छकुलीचा बर्थस्टोन अमेथिस्ट आहे म्हणे. फेब्रुवारीत वाढदिवसाला अंगठी करू का?" म्हटलं, कर की, हौसेला मोल नसतं. मग हळूच खरं कारण बाहेर आलं. कुणा ज्योतिषाने पोरीला साडेसाती सांगितली होती. नीलम झेपत नसेल तर त्याचं उपरत्न म्हणून हा जांभळा जमुनिया घाला, नाहीतर बारावीचं वर्ष वाया जाईल!

असाच एक दगड चाळीस वर्षं माझ्या खिडकीत आहे. बिडकीनच्या आमच्या मळ्यात विहीर खोदताना सुरुंगाने काळा खडक फुटला आणि नारळाएवढी पोकळ गारगोटी निघाली. आत जांभळे खडे, डाळिंबाच्या दाण्यांसारखे दाटीने बसलेले. मी ती वर्गात दाखवत असे. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. त्यांत खनिजांचं पाणी झिरपून स्फटिक वाढले. किंचित लोह आणि खडकातला नैसर्गिक किरणोत्सर्ग यांनी हा रंग दिला. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे स्फटिक जरूर पाहा.

माणसांनी मात्र त्याला काय काय चिकटवलं! ग्रीकांनी नावच ठेवलं 'नशा न चढणारा'. हा खडा जवळ असला की दारू चढत नाही, ही त्यांची समजूत. युरोपात तो बिशपांच्या अंगठीत बसला. १९व्या शतकात ब्राझीलमध्ये प्रचंड साठे सापडले आणि भाव उतरला. आजची बर्थस्टोनची यादी तर १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने ठरवली. म्हणजे यादी दुकानदारांचीच!

आणखी एक गंमत. इतकी वर्षं उन्हात राहून माझ्या दगडाचा रंग फिका पडलाय. या खड्याचा तो गुणच आहे. शनी हा सूर्याचा मुलगा. बापापुढे ज्याचा रंग टिकत नाही, तो मुलाला काय अडवणार?

खडा सुंदर आहे, हौसेने जरूर घालावा. पण परीक्षेच्या वर्षात पोरीच्या बोटात भीती घालू नये, एवढंच माझं म्हणणं. नापास झाली तर खड्याला दोष, पास झाली तर खड्याला श्रेय. मग पोरीने रात्र रात्र केलेल्या अभ्यासाचं काय?

आमचा मळा पुढे औद्योगिक वसाहतीत गेला. विहीर बुजली. तिची आठवण म्हणून हा दगड तेवढा उरलाय. तोच आता छकुलीला पाठवतोय. तिच्या पणजोबांनी खणलेल्या विहिरीतला आहे, एवढं तिला सांगा. शनीचं काही सांगू नका.

असो. तुमच्याकडे असं काही जपलेलं असेल तर जरूर कळवा.